रायफलची किटली

बाबा,

मंगळवारी दुपारी माझ्या मुलीने चालत्या गाडीचा हँडब्रेक ओढला. गाडी मी चालवत होते. शाळेजवळचं क्रॉसिंग, वेग बेताचा, ऊन समोरून. गाडी कचकन थांबली, मागच्याने हॉर्न वाजवला, आणि मी तिच्यावर खेकसणार एवढ्यात तीच म्हणाली, "सॉरी मम, मांजर आला होता मध्ये. इट्स गॉन नाऊ." तिच्या मराठीवर मी आता काही बोलत नाही, बोलते हेच खूप. पण तिचा हात हँडब्रेकवरून सुटत नव्हता, आणि घरी आल्यावर मी केलेला चहा तिने तसाच ठेवला. तेव्हापासून तुम्ही माझ्या डोक्यातून हलायला तयार नाही. तुम्ही गेल्याच्या वर्षदिवसाचा दिवा लावतानासुद्धा तुमची इतकी आठवण येत नाही, खोटं कशाला सांगू.

लंडनजवळच्या इल्फर्डच्या त्या स्वयंपाकघरात आईची तीन राज्यं होती. आपल्या यहुदी नियमात दूध-मटण एकत्र चालत नाही, म्हणून दुधाची भांडी खिडकीच्या बाजूला, मटणाची दाराच्या बाजूला, आणि सिंकखाली, कुणाला विटाळ होऊ नये अशी एकटी, पोचे आलेली एक ॲल्युमिनियमची किटली. ती रायफलची किटली. तुम्ही ती लष्करातून मोडीत निघालेली थ्री-नॉट-थ्री विकत आणलीत, त्या दिवशी आई म्हणाली होती, "आली का तुमची पहिली बायको? मग आता मी कुठं झोपायचं तेवढं सांगा." पुढचं लाकूड कापून कुणीतरी तिला शिकारीच्या बंदुकीचं रूप द्यायचा प्रयत्न केला होता, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ती शेवटपर्यंत शिपाईच दिसायची. दुकानदार तुम्हाला नवी, हलकी, दुर्बीण लावलेली रायफल घ्या म्हणून गळ घालत होता. "रायफल नवी मिळेल," तुम्ही त्याला म्हणालात, "बट द हँड्स आर ओल्ड." मला तेव्हा वाटलं होतं, पैसे वाचवायचं निमित्त आहे. तसं नव्हतं. त्याच जातीच्या रायफलीवर तुम्ही पलटणीतल्या किती पोरांना नेम धरायला शिकवलं होतं, आणि इटलीतल्या चिखलात ती उशाशी घेऊन झोपला होतात.

शिकारीहून आलात की आई दारातच विचारायची, "किती?" तुम्ही झाडलेल्या गोळ्यांचा आकडा सांगायचात. गोळी झाडली असेल तर ती किटली गॅसवर चढवायची. तुम्ही बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा तो दांडीचा खटका, काढून रायफल मागच्या दाराच्या पायरीवर उलटी धरायचात, नळीचं तोंड बादलीत, आणि मी फनेलमधून उकळतं पाणी ओतायचे. लष्करी काडतुसांचा क्षार नळीत राहिला तर रात्रीत गंज चढतो, तो पाण्यानेच जातो, तेलाने नाही, हे तुम्ही मला प्रत्येक वेळी नव्याने सांगायचात. हरणांसाठीची मऊ टोकाची काडतुसं तुम्ही दुकानातून नवी आणायचात आणि त्यांना पाण्याची गरज नाही असं दुकानदाराचं म्हणणं होतं, पण तुम्ही कुठे ऐकणार. बादलीत काळं पाणी पडायचं आणि स्वयंपाकघरभर जळक्या दारूचा वास सुटायचा. गोळी झाडली नसेल तर मात्र पाणी नाही. मग फक्त दोरीला चिंधी बांधून नळीतून एकदा ओढायची, की झालं. न झाडलेल्या रायफलीत पाणी ओतणं म्हणजे तुमच्या मते न जेवता हात धुणं. त्या नियमात मी कधी फरक झालेला पाहिला नाही, एकदा सोडून.

मांस घरात येत नसे. गोळीने पडलेलं जनावर आपल्याला चालत नाही, त्याला सुरीच हवी, दुवा म्हणत फिरवलेली, हे आईने सांगायची गरज नव्हती. तुम्ही स्वतःच कधी त्यातला घास तोंडात घातला नाहीत. शेतकरी हरीण ठेवून घ्यायचा आणि बदल्यात सफरचंदं, बटाटे, अंडी गाडीत टाकायचा. मी एकदा विचारलं होतं, की खायचं नाही तर मारायचं कशाला. तुम्ही म्हणालात, त्याचं पीक खातात म्हणून. खरं कारण मला शेतावर गेल्यावर कळलं. फॅक्टरीत तुम्हाला सगळे चार्ली म्हणायचे, कारण तुमचं नाव त्यांच्या जिभेला जड होतं. एसेक्समधल्या त्या शेतावर मात्र, फाटक उघडता उघडता, तो उंच शेतकरी हाक मारायचा, "आफ्टरनून, हवालदार!" तोही इटलीत लढलेला. आठवड्यात ती एकच हाक तुमच्या खऱ्या माणसाला यायची, शनिवारचा शब्बाथ संपला की दुसऱ्या दिवशी. तुम्ही फाटकातून आत जाताना चार बोटं उंच झालेले असायचात.

तुमची ती दिशा सांगायची पद्धत माझ्या अंगात अजून आहे. समोरची एक ठळक खूण घ्यायची, झाड म्हणा, चिमणी म्हणा. तिच्यावर मनातल्या मनात घड्याळ बसवायचं. आणि मग म्हणायचं, अमुक झाड, चार वाजता, म्हणजे झाडाच्या उजवीकडे थोडं खाली. बोट दाखवायचं नाही, कारण बोट शत्रूलाही दिसतं. घरात शत्रू नव्हता तरी हेच चालायचं. आईने मीठ कुठाय म्हटलं की तुम्ही पेपरमधून डोकं न काढता म्हणायचात, "चहाचा डबा. दोन वाजता." आणि आई म्हणायची, "हे किचन आहे, इटली नाही. उठा नि द्या." मी हसायचे, पण मला ती पद्धत आवडायची. आपल्या दोघांत तेवढी एकच भाषा होती जिच्यात तुम्ही मला रागावत नव्हतात.

डोळ्यांचं मला आधी कळलं, तुमच्याही आधी असं मला वाटायचं. मी हाय स्ट्रीटवरच्या चष्म्याच्या दुकानात कामाला होते, दिवसभर लोकांचे डोळेच बघत होते. तुम्ही पेपर खिडकीशी नेऊन वाचायला लागलात आणि दिव्याला शिव्या देऊ लागलात. जिन्यात शेवटची पायरी पायाने चाचपायचात. मग एक दिवस गुडघा दुखतो म्हणून गाडीची किल्ली माझ्या हातात दिलीत. गुडघ्याने बिचाऱ्याने त्याआधी नि त्यानंतर कधी तक्रार केली नव्हती. तुमच्या उजव्या डोळ्याच्या बाहुलीत मला दुधासारखं धुकं दिसत होतं, आणि नेम तुम्ही उजव्याच डोळ्याने धरायचात. "बाबा, दुकानात या, फुकट तपासून घेऊ," म्हटलं की तुम्ही म्हणायचात, "माशी दिसते मला. माशी दिसली की बास." माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो लोखंडी तुकडा. पण माशीच्या पलीकडे काय दिसतं, ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत. मी आईकडे गेले. म्हटलं, पोलिसांना किंवा त्या शेतकऱ्याला सांगायला हवं, कुणाचातरी जीव जाईल. आई मटण निवडत होती. वर न बघता म्हणाली, "काढून घे. आणि मग सोमवार ते शुक्रवार जो चार्ली उरेल ना, त्याला तूच सांभाळ." मला आईचा भयंकर राग आला, आणि तिचं खरं होतं म्हणून जास्त आला. मग मी अर्धवट शहाणे लोक काढतात तसा मधला मार्ग काढला: दर रविवारी मी तुमच्याबरोबर यायचं, दुर्बिणीतून मी बघायचं, घड्याळ मी सांगायचं आणि चाप तुम्ही ओढायचा. तुम्ही काही विचारलं नाहीत. फक्त पहिल्या रविवारी कुंपणापाशी आडवं पडल्यावर तुमच्या उजव्या बाजूचं गवत हाताने दाबून माझ्यासाठी जागा केलीत.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ती वर्षं तुम्हाला आठवतील, इंग्लंडभर एल्मची झाडं मरत होती. कसलासा किडा सालीखाली शिरायचा आणि भर उन्हाळ्यात आख्खं झाड वाळून उभं राहायचं. त्या शेतावर आपण पहिल्यापासून एकच खूण वापरायचो, बीटच्या शेताच्या टोकाचं वीज पडून सुकलेलं झाड. "सुकलेलं झाड" म्हटलं की त्याला दुसरा अर्थ नव्हता. ते ओक होतं की काय होतं, देव जाणे. मग त्या सप्टेंबरात आपण गेलो तेव्हा नाल्याकाठचा मोठा एल्मही वाळला होता, सणांमुळे आपला खाडा पडला त्या तीन आठवड्यांत, पान न पान तपकिरी. मी तो पाहिला होता. गाडी लावताना "अरेरे" असं म्हटलंही होतं. पण खुणेचं नाव बदलायला हवं हे माझ्या मनात आलं नाही, आणि तुम्ही पलटणीत दुसऱ्यांना शिकवलेलं, तुमच्याही मनात आलं नाही.

फाटकात तुम्ही नेहमीचा प्रश्न विचारता. "एनीबडी ऑन द लँड, सर?" शेतकरी हसतो. "जस्ट यू अँड मी, हवालदार, अँड आय ॲम गोइंग इन फॉर माय टी." त्याने गोदामवाल्यांचा असतो तसा लांब तपकिरी कोट घातलाय. तो घराकडे वळल्याचं मी बघते. आपण कुंपणाच्या कडेने वाकून जातो, नेहमीच्या जागी आडवे पडतो. ऊन उतरलंय, बीटच्या पानांवर तिरकं पडलंय. तुम्ही काडतूस आत घालता, बोल्ट बंद करता. मग बराच वेळ काही नाही. माझ्या कोपराखाली एक खडा टोचतोय आणि तो काढायची हिंमत नाही, कारण हालचाल झाली की तुम्ही हंगामभर ऐकवणार. मग उजवीकडच्या रानातून नर बाहेर येतो. ठिपक्यांचा, शिंगं चांगली पसरलेली. उभा राहतो, मान खाली घालतो. आवाज मी तुम्ही शिकवलात तसा सपाट ठेवते: "दीडशे. सुकलेलं झाड. चार वाजता. नर, आडवा."

"दिसला," तुम्ही म्हणता.

तुम्ही इतक्या लवकर "दिसला" कधी म्हणत नाही. मी दुर्बीण खाली घेते, तुमच्याकडे बघायला, बस, एवढंच. आणि मला दिसतं की नळी चुकीकडे आहे. नर उजवीकडे आहे आणि नळी डावीकडे, नाल्याकडे. नळीच्या रेषेत मी बघत जाते. वाळलेला एल्म. त्याच्या बुंध्याशी, थोडं उजवीकडे, थोडं खाली, बरोब्बर चार वाजता, काहीतरी तपकिरी, वाकलेलं, हलणारं. कोट. तो शेतकरी बुंध्याशी वाकून साल सोलतोय.

मला ओरडायचं होतं. बाबा, मी अजून कधीकधी झोपेत ओरडायचा प्रयत्न करते आणि जागी होते. तुमचा श्वास थांबला. तुम्हीच शिकवलं होतं मला, या रायफलीच्या चापाला दोन दाब असतात, पहिला दाब घेतला की श्वास थांबवायचा आणि दुसऱ्याला गोळी सुटते. पहिला झाला होता. मी हात लांब केला, खालून बोल्टच्या दांडीवर मारला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून मागे ओढला. काडतूस उडून गवतात पडलं. त्या खटक्याने नर उधळला, एका उडीत रानात. आणि तिकडे एल्मपाशी तो शेतकरी सरळ उभा राहिला, आवाज कुठून आला ते बघितलं, आपण दिसलो तसा त्याने हात उंच करून हलवला. मीही हलवला. तुम्ही नाही हलवलात, कारण तुम्हाला तो दिसलाच नव्हता.

"काय केलंस?" तुमचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "माझ्या रायफलीला हात लावलास? नेम धरलेल्या माणसाच्या?"

"राहवलं नाही, बाबा," मी म्हणाले. "केवढा देखणा होता. नाही बघवलं मला."

हे मला कुठून सुचलं कोण जाणे. तुम्ही उठून बसलात आणि मला जे बोललात ते शब्दाला शब्द आठवतं: ज्याला माया येते त्याने घरी बसून स्वेटर विणावेत, पलटणीत अशाला मी काठीने फोडला असता, पुन्हा माझ्याबरोबर यायचं नाही. मी मान खाली घालून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, बोला, अजून बोला, वाट्टेल ते बोला. तुम्ही जेवढं ओरडत होतात तेवढं मला हलकं वाटत होतं, कारण ओरडणाऱ्याला काही कळलेलं नसतं. मी हात मांडीखाली दाबून बसले. तुम्ही काडतूस शोधायला गवत चाचपू लागलात. ते तुमच्या बुटापाशीच पडलं होतं. मी उचलून दिलं.

तेवढ्यात तो चालत आला. "सॉरी, हवालदार, आय स्पॉइल्ट इट फॉर यू." चहाला बसला होता म्हणे, पण त्या झाडाचा घोर लागून चैन पडेना, म्हणून बघायला आला. सालीखाली किड्याच्या वाटा सापडल्या, तोही तोडावा लागणार.  मग विचारलंत, "विच ट्री, सर?" त्याने बोट केलं. तुम्ही तोंड तिकडे वळवलंत आणि बराच वेळ तसेच उभे राहिलात. मग मान फिरवून नर उभा होता त्या बाजूला बघितलंत. मग पुन्हा एल्मकडे. मी स्वतःला सांगत होते, यांना काही दिसत नाही, त्यामुळे काही कळत नाही. मग तुम्ही एक पाऊल पुढे झालात आणि त्याच्या तपकिरी बाहीवर सालीचा भुगा लागला होता तो हाताने झटकलात. झटकून झाला तरी हात तिथेच ठेवलात. त्याला ते जरा चमत्कारिक वाटलं असावं, पण भला माणूस, तो तसाच उभा राहिला.

गाडी मीच चालवत घरी आणली. आई दारातच होती. "किती?"

"एक," तुम्ही म्हणालात.

मी तोंड उघडलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, म्हणजे माझा आवाज जिथून येणार होता तिकडे बघितलंत, आणि मी तोंड मिटलं. आईने किटली चढवली. तुम्ही बोल्ट काढलात, रायफल पायरीवर उलटी धरलीत, आणि मी फनेलमधून ओतलं. उकळतं पाणी त्या कोरड्या, स्वच्छ नळीतून गेलं आणि बादलीत जसंच्या तसं पांढरं पडलं. आईने बादलीत बघितलं, मग माझ्याकडे, आणि पदराने ओटा पुसायला लागली. तुम्ही म्हणालात, "अजून ओत." किटली संपेपर्यंत मी ओतत राहिले.

दुसऱ्या दिवशी फॅक्टरीतून अर्धी रजा टाकून तुम्ही रायफल पोलीस स्टेशनात जमा केलीत, आणि तिथून परस्पर डोळ्यांच्या हॉस्पिटलात गेलात. मोतीबिंदू निघाला, जाड भिंगाचा चष्मा आला, आणि तुम्हाला पुन्हा सगळं दिसायला लागलं, आईच्या पिकलेल्या केसांसकट. शेतकऱ्याचे फोन येत राहिले. बीटचं नुकसान होतंय, माझी दुर्बिणीची रायफल वापर, तू नुसता ये तर खरा. तुम्ही प्रत्येक वेळी गुडघ्याचं कारण सांगितलंत आणि फोन ठेवलात. आता दिसत असूनही तुम्ही का जात नाही, हे मी विचारलं नाही. मी बोल्ट का ओढला, हे तुम्ही विचारलं नाहीत. फॅक्टरीत तुम्ही रिटायर होईपर्यंत चार्लीच राहिलात, आणि ते बघताना मला फार वाईट वाटायचं, बाबा. तुमची ती एक हाक मी हिरावली असं वाटायचं, आणि लगेच तो सालीचा भुगा आठवायचा.

तुम्ही गेलात तेव्हा तो आला होता. दफनभूमीत सगळ्यांच्या मागे उभा होता, कुणाचीतरी टोपी मागून डोक्यावर ठेवून. हिब्रू कळत नव्हतं, मराठी कळत नव्हती, तरी शेवटपर्यंत थांबला, माती लोटायला रांगेत आला, मग माझा हात हातात घेतला. म्हणाला, "तुझ्या वडिलांइतका सेफ माणूस मी रायफलमागे दुसरा पाहिला नाही. माझा जीव मी त्यांच्या हाती डोळे मिटून दिला असता." मी थँक यू म्हटलं.  माझ्या शेजारी आई उभी होती, तिने माझं कोपर असं घट्ट धरलं की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होता.

इतकी वर्षं मी धरून चालले होते की तुम्ही माझी थाप खरी मानलीत, आणि शेतकरी बोलला तेव्हा तुम्हाला उलगडा झाला. मंगळवारपासून मला तसं वाटत नाही. आपलं मूल आपल्याला वाचवायला खोटं बोललं की ते ऐकू येतं, बाबा. त्याला डोळे लागत नाहीत. तुम्हाला माझं "राहवलं नाही" त्याच क्षणी ऐकू आलं असणार, आणि म्हणूनच तुम्ही इतके ओरडलात.

रस्त्यावर मांजर नव्हतं. काय होतं ते मला दिसलं नाही, आणि काल ती परत आली तेव्हा मी विचारलंही नाही. ती गाडीच्या किल्लीबद्दल बोलायला आली होती, ते मला कळत होतं. बोलली मात्र हवापाण्याचंच, आणि गेली. तुम्ही त्याच संध्याकाळी आईला "एक" म्हणालात, आणि दुसऱ्या दिवशी रायफल जमा केलीत. माझी किल्ली अजून माझ्या पर्समध्ये आहे.